अठ्ठ्याऐंशी आमचे, एकशे दहा त्यांचे

भाचीचं लग्न ठरलं आणि जेवणाच्या व्यवस्थेचं बोलायला आम्ही अकोल्याला गेलो. आम्ही म्हणजे भाऊजी आणि मी. भाऊजी म्हणजे मुलीचे वडील. बडनेऱ्याला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झाले आणि उभ्या आयुष्यात त्यांना आवाज चढवणं काही जमलं नाही. मी अमरावतीच्या एका शाळेत गणित शिकवते. ताईचे गुडघे दुखतात, तिला प्रवास झेपत नाही, म्हणून तिच्या जागी मी गेले. तिथंच घोळ झाला, असं भाऊजींचं मत आहे.

मुलाचं घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडून पलीकडं गेलं की दोन गल्ल्या सोडून. मंडळी शेतकरी, गावाकडं काळी जमीन, पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेली. मुलाचे वडील तो लहान असतानाच गेले, त्यामुळं घरातले मोठे म्हणजे काका. हे काका निवृत्त प्राचार्य. बैठकीत शिरलं की समोरच्या भिंतीवर सन्मानचिन्हं दिसतात, एकावर एक, दुकानात मांडल्यासारखी. समता, बंधुता, प्रबोधन अशा विषयांवर ते गावोगाव व्याख्यानं देतात. नारळ-शाल घेतात आणि घरी येतात. त्यापुढं त्या समतेचं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

काकांनी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर दोन चौकोन काढले.

"हॉल दोन भागांत आहे," ते म्हणाले. "हा आतला, वातानुकूलित. हे बाहेरचं लॉन. आमची मंडळी वयस्कर आहेत, ती आत बसतील. आपली मंडळी लॉनवर. मोकळी हवा, प्रशस्त जागा. सर्वांचीच सोय."

'आपली' हा शब्द त्यांनी आमच्यासाठी वापरला होता. आदरार्थी.

भाऊजींनी लगेच मान हलवली. "चालते ना. थंडीचे दिवस हायेत, उन्हात बरंच वाटते."

"आमच्याकडं वयस्कर कोणी नाही का?" मी विचारलं.

"असतील ना, अवश्य असतील. त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी..." त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "मॅडम, गैरसमज नको. आमच्या मनात तसं काही असतं तर हे लग्न ठरलं असतं का?"

तसं म्हणजे कसं, हे त्या बैठकीत कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. आम्ही बौद्ध. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, त्यानंतर घरात शिक्षक झाले, नर्सा झाल्या, रेल्वेवाले झाले. माझी भाची कृषी खात्यात अधिकारी आहे. नवरामुलगा बँकेत. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, दोन्ही घरांनी होकार दिला, काकांनी तर साखरपुड्यात भाषण केलं. एवढं सगळं झाल्यावर अडलं होतं ते एका पंगतीत बसून वरण-भात खाण्यापाशी.

"प्रश्न फक्त गणिताचा आहे," काका म्हणाले. "आपल्याकडची अठ्ठ्याऐंशी माणसं, आमच्याकडची एकशे दहा. संख्या सारख्या नाहीत. एकत्र बसवायचं म्हटलं तर कुठल्या टेबलावर तुमचे जास्त, कुठल्या टेबलावर आमचे जास्त. मग मानापमान, रुसवेफुगवे. हिशेबच बसत नाही."

आता हे मला सांगायला नको होतं. दुसरं काहीही सांगितलं असतं, वास्तुशास्त्र, पथ्यपाणी, वाऱ्याची दिशा, तर मी कदाचित गप्प बसले असते. पण हा गृहस्थ आपलं मन लपवायला माझा विषय पुढं करत होता.

माझ्या वर्गात दरवर्षी कोणाचे तरी पालक येऊन विचारतात, मॅडम, हा मसावि पोरांना आयुष्यात कुठं लागतो? विचारणाऱ्यांच्या तोंडावर उत्तर मिळणार नाही याची खात्री असते. मी त्यांना सांगते की दोन ढीग आहेत, दोन्हींचे सारखे वाटे करायचे आहेत आणि मागं काही उरवायचं नाही, असं जेव्हा येईल तेव्हा लागतो. ते हसतात आणि स्कूटर काढतात. मुलं मात्र पुस्तकातली फुलं, पेन्सिली आणि रिबिनी वाटत बसतात. खऱ्या माणसांची दोन गटांत वाटणी करायची उदाहरणं पुस्तकात नसतात. का नसतात, ते मला काकांच्या बैठकीत पहिल्यांदा नीट समजलं.

"बसतो की हिशेब," मी म्हटलं. "अठ्ठ्याऐंशी आणि एकशे दहा. दोन्हींना पूर्ण भाग जाणारी मोठ्यात मोठी संख्या बावीस. बावीस टेबलं मांडा. प्रत्येक टेबलावर आमचे चार, तुमचे पाच. सगळ्या टेबलांवर सारखंच. एकही माणूस उरत नाही, कुठं जास्त नाही, कुठं कमी नाही. हॉलवाल्याकडं गोल टेबलं असतातच, नऊ जण आरामात बसतात."

काकांनी कागदावर बाविसाला चारनं गुणलं. मग पाचनं गुणलं. मग पुन्हा चारनं गुणलं. प्राचार्य होते ते, पण मराठीचे.

नवरामुलगा भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "काका, हे तर मस्तच झालं. आपल्या लोकांची ओळख तरी होईन."

मुलाची आई चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली होती. तिनं विचारलं, "म्हंजे मी विहीणबाईच्या टेबलावर बसू शकतो का?"

"तुम्ही दोघी एकाच टेबलावर," मी म्हटलं.

काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "उत्तम," ते म्हणाले. "फारच शास्त्रशुद्ध." त्यांचा चेहरा आंबट ताक प्यायल्यासारखा झाला होता. पण करतात काय? खरं कारण पुतण्यासमोर बोलायची सोय नव्हती आणि जे खोटं कारण दिलं होतं, त्याचं उत्तर मिळालं होतं. मला त्यांचा राग आला नाही. राग यायला समोरचा माणूस थोडा तरी उंच लागतो. जो उघड म्हणतो की मी यांच्याबरोबर जेवणार नाही, त्याच्याशी भांडता येतं. हा तर दारावर समतेची पाटी लावून मागच्या दारानं ताटं वेगळी करणारा.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर आल्यावर भाऊजी म्हणाले, "काहून लागली तू त्या माणसाच्या मांगं?"

"मी फक्त भागाकार केला."

"भागाकार. पोरीले तिथं नांदायचं हाये. तू तर शाळेत जाशीन, मी घरी बसीन. टोमणे तिले ऐकायचे हायेत."

"भाऊजी, तुम्ही लॉन का म्हणून कबूल केलं? त्याला काय म्हणायचं होतं ते तुम्हाला कळलं नाही का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मले त्यानं चौकोन काढले तवाच समजलं," ते म्हणाले. "तुले लॉन म्हटल्यावर समजलं. मी रेल्वेत नोकरी केली बाई, तिथंबी डबे खायले असेच चौकोन पडत. मले ते वळखू येतात."

पण समजूनही मान हलवणं मला पटलं नव्हतंच. मी खिडकीबाहेर बघत बसले आणि बडनेरा आल्यावर त्यांची पिशवी उचलायला मदतही केली नाही.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात काकांचा फोन आला. आवाजात असा काही उत्साह होता की मला वाटलं, आणखी एक शाल मिळाली असावी.

"मॅडम, जरा अडचण झाली. आमच्याकडं एक पाहुणे वाढले. एकशे अकरा झाले. तसा शुभ आकडा. पण आपलं ते बावीस टेबलांचं गणित..." इथं ते थांबले. "मी आमच्या कॉलेजातल्या गणिताच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, अठ्ठ्याऐंशी आणि एकशे अकरा यांना एकच्या वर सामाईक विभाजकच नाही. काय म्हणतात ते, सहमूळ संख्या. तेव्हा आता पहिलंच ठरलं होतं ते बरं, नाही का? आतबाहेर."

एवढा मोठा माणूस. एक पाहुणा पैदा केला, गणिताच्या प्राध्यापकाला कामाला लावलं, नवा शब्द पाठ केला, कशासाठी, तर आमच्या अठ्ठ्याऐंशी माणसांशेजारी खुर्ची मांडायला लागू नये म्हणून. हीच मेहनत नोकरीत केली असती तर त्यांच्या कॉलेजच्या पोरांचं भलं झालं असतं.

"सरांनी बरोबर सांगितलं," मी म्हटलं. "मसावि एक येतो."

"तेच तर."

"एक येतो म्हणजे एकच टेबल."

"थट्टा करता काय?"

"थट्टा कशाला? बावीस आला तेव्हा बावीस टेबलं. एक आला तर एक टेबल. सगळे एकशे नव्व्याण्णव एकाच टेबलावर."

"अहो, असं कुठं टेबल असतं का?" त्यांची शुद्ध भाषा पहिल्यांदा घसरली. "काईच्या काई बोलून राहिल्या तुमी."

मी फोन ठेवला आणि हॉलच्या मॅनेजरला लावला. तो तरुण माणूस होता, कामापुरतं बोलणारा. त्याच्याकडं गोल टेबलांखेरीज लांबट टेबलंही होती, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन बसतील अशी. मी विचारलं, अशी तेहतीस टेबलं एकाला एक जोडून लॉनवर मांडता येतील का? तो म्हणाला, सरळ रेषेत नाही मावणार, घोड्याच्या नालासारखं वळवावं लागेल. वरून पांढरं कापड एकसलग टाकतो, जोड दिसणार नाहीत.

तेहतीस सक एकशे अठ्ठ्याण्णव. उरलेला एक टोकाला. मी काकांना निरोप धाडला की तुमच्या वाढलेल्या पाहुण्यांना टोकाची मानाची खुर्ची ठेवली आहे.

भाचीला मी सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तू हे माझ्यासाठी करतेस की त्यांना चिडवायला?"

"दोन्ही," मी म्हटलं.

तिनं थोडा विचार केला. "ठीक हाये. तो पण म्हणतो, एकच टेबल पाहिजे." तो म्हणजे नवरामुलगा. दोघांनी ठरवल्यावर काकांना बोलायला जागा उरली नाही. आतल्या हॉलचा एसी बंद आहे, असं मॅनेजरनं परस्पर सांगून टाकलं. ते मी त्याला शिकवलं नव्हतं. त्याला वाढप्यांची धावपळ वाचवायची होती.

लग्नाच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. नोंदणी आधीच झाली होती, त्यामुळं त्रिशरण-पंचशील, हार घालणं आणि दोन शब्द, एवढंच होतं. दोन शब्द अर्थात काकांचे. त्यात 'भिंती पाडणे' हा प्रयोग इतक्या वेळा आला की शेजारी बसलेली ताई मला म्हणाली, "ह्या माणसाचं घर उभं कसं हाये अजून?"

मग जेवण. आणि तिथं मी जे पाहिलं ते मला कुठल्याही भागाकारानं सोडवता आलं नसतं.

टेबल एकच होतं. पांढरं, लांब, वळणदार, खरोखर देखणं. त्यांची माणसं येऊन नालाच्या एका टोकाकडून बसत गेली. आमची माणसं दुसऱ्या टोकाकडून. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. दोन्हीकडून खुर्च्या भरत आल्या आणि मधोमध, नालाच्या वळणावर, रिकाम्या खुर्च्यांचा एक पट्टा राहिला. पाहुणे कमीजास्त झाले होतेच. पुस्तकातल्या उदाहरणात सगळे येतात, लग्नात येत नाहीत. एकशे अकरावा पाहुणाही अर्थातच आला नव्हता. पण तो पट्टा तेवढ्यानं पडला नव्हता. उशिरा येणारे लोक तिथवर चालत यायचे, खुर्च्यांकडं बघायचे, आणि आपापल्या टोकाला जाऊन दाटीवाटीनं बसायचे. आमचेसुद्धा. माझा एक चुलतभाऊ, मोठा सरकारी अधिकारी, रोज चार माणसांना फैलावर घेणारा, तोही शेळीसारखा आमच्या बाजूला येऊन कोंबून बसला. त्या क्षणी मला दोन्ही बाजूंची सारखीच किळस आली.

काका टोकाच्या मानाच्या खुर्चीमागं उभे होते. मला बघून हसले. "शेवटी माणसं आपल्या सोयीनंच बसतात, मॅडम."

वाढपी नालाच्या आतून फिरत होते. वांग्याची भाजी आली, वरण आलं, पोळ्या आल्या. मी जागेवरून उठायला लागले, त्या रिकाम्या खुर्च्यांत जाऊन बसावं म्हणून. माझ्याआधी मुलाची आई उठली.

ती त्यांच्या टोकाला, काकांच्या अगदी जवळ बसली होती. तिनं आपलं वाढलेलं ताट दोन्ही हातांत उचललं आणि चालायला लागली. नेसलेली पैठणी तिला सवयीची नव्हती, मधे एकदा पाय अडकला, वरण हिंदकळलं. सगळे बघत होते. वळणाशी आल्यावर ती थांबेल असं मला वाटलं. ती थांबली नाही. रिकाम्या खुर्च्या मागं टाकून थेट आमच्या बाजूला आली आणि ताईसमोर उभी राहिली.

"विहीणबाई, सरका थोड्या."

"या ना, बसा," ताई म्हणाली. "इकडं दाटी हाये, आपण तिकडं जाऊ. मोकळं हाये."

मग ताईनं आपलं ताट घेतलं, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ती आणि मुलाची आई दोघी वळणावरच्या रिकाम्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी जाऊन बसल्या. नवरानवरी त्यांच्यासमोर येऊन बसली. मग मुलाच्या बँकेतली मंडळी आली. मग मी गेले, आणि माझा तो अधिकारी भाऊ माझ्यामागून, कोणी बघत नाही अशा बेतानं.

दोघी विहिणी काय बोलत होत्या ते मी ऐकलं. ताई विचारत होती, वांग्यात शेंगदाण्याचा कूट हाये का खोबरं. मुलाची आई सांगत होती की तिलाही गुडघ्यांचा त्रास आहे आणि अकोल्यात एक चांगला डॉक्टर आहे. एवढंच. कोणीही भिंतीबिंतीबद्दल काही बोललं नाही.

सगळी जागा भरली असं मी म्हणणार नाही. त्यांच्यातले काही वृद्ध लोक न जेवता निघाले. कोणाला उपास होता, कोणाची गाडी होती. भाऊजी धावत फाटकापर्यंत गेले आणि त्यांना हात जोडून 'पुन्हा या' म्हणून आले. आणि काका शेवटपर्यंत बसले नाहीत. ताट हातात घेऊन, उभ्यानं, फिरत फिरत जेवले. आल्यागेल्याला सांगत होते की मधुमेहामुळं डॉक्टरांनी बसून जेवायला मनाई केली आहे. असा मधुमेह मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांची स्वतःची बायको माझ्यासमोर बसून बुंदी खात होती आणि तिनं त्यांच्याकडं एकदाही पाहिलं नाही.

लग्नाला आता वर्ष होत आलं. भाची अकोल्यात रमली आहे. टोमणे फारसे ऐकावे लागले नाहीत, असं ती म्हणते, आणि सासूच्या बाबतीत मी ते मानते. दिवाळीनंतर दोघी विहिणी जावयाच्या गाडीतून चिखलदऱ्याला जाऊन आल्या आणि तिथल्या कॉफीची पाकिटं सगळ्यांना वाटली. दोघींपैकी एकीलाही कॉफी आवडत नाही.

परवा भाचीनं मला काकांच्या व्याख्यानाची चित्रफीत पाठवली. अमरावतीतच कुठंतरी झालेलं. काका माईकसमोर उभे राहून सांगत होते की आमच्या कुटुंबानं पुतण्याच्या लग्नात एक प्रयोग केला. "मी म्हटलं, टेबलं वेगळी कशाला? एकच टेबल मांडू. दोनशे माणसं एका टेबलावर जेवली, मित्रहो." टाळ्या पडल्या. त्यांनी त्या हात वर करून थांबवल्या, पुरेशा पडल्यानंतर.

मी तावातावानं भाऊजींकडं गेले. त्यांनी ती चित्रफीत आधीच पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती, ओळखीच्या सगळ्यांना पुढं पाठवली होती.

"तुम्हाला लाज नाही वाटत?" मी म्हटलं. "तो माणूस सरळ खोटं बोलतो आहे."

"बोलू दे ना."

"का बोलू दे?"

भाऊजी पेरू कापत होते. एक फोड मीठ लावून त्यांनी माझ्यापुढं केली. "चारचौघात बोलला तो, टाळ्या घेतल्या. आता पुढच्या महिन्यात त्याच्या पोरीचं लग्न हाये. आपल्याले बोलावलं हाये. आता मांडीन का तो दोन चौकोन?"

मी म्हटलं, मांडेल. अशी माणसं वाट काढतात. भाऊजी म्हणाले, नाही मांडणार. आम्ही बराच वेळ वाद घातला. त्यांनी मला लग्नाला यायला सांगितलं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.